गाडी वाकली पाहिजे
(स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



आयोजकांनी प्रत्येकाला पंधरा मिनिटं दिली आहेत आणि "आपण काय काम करतो ते सोप्या भाषेत सांगा" असं बजावलं आहे. माझ्या बाबतीत हे बजावणं गरजेचंच होतं. कारण गेली वीस वर्षं मी समुद्रपूरला आले की मला दोनच प्रश्न विचारले जातात. पहिला, "तू पुण्याले करते तरी काय बाप्पा?" आणि दुसरा, "माह्या मोबाइल हँग होते, पाहून देतं का?" दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर मी अनेकांना दिलं आहे. पहिल्याचं आज देते.

मी सॉफ्टवेअर लिहिते, पण ते बँकेचं किंवा दुकानाचं नाही. गाडीत ठिकठिकाणी सेन्सर बसवलेले असतात. गाडी किती वेगात आहे, ब्रेक किती दाबला, कोणत्या दिशेला किती जोरानं ढकलली गेली, हे ते सेन्सर सेकंदाला शेकडो वेळा नोंदवतात. ते आकडे गोळा करायचे, त्यांचा आलेख काढायचा आणि इंजिनिअर लोकांना दाखवायचा, हे माझं काम. म्हणजे सरांनी आपल्याला नववीत आलेखाच्या वहीवर जे करायला लावलं, तेच मी आजही करते. फरक इतकाच, की आता पेन्सिलीला टोक करावं लागत नाही.

काही वर्षांपूर्वी आमच्या टीमला शर्यतीच्या गाड्या तयार करणाऱ्या एका छोट्या वर्कशॉपचं काम मिळालं. चार-पाच महिने मी तिथं जात होते. तिथं पाहिलेलं, आणि त्यानंतर उत्सुकतेनं वाचलेलं, आज तुम्हाला सांगणार आहे. शेवटी एक वेगळी गोष्ट सांगायची आहे. ती आपल्या वर्गाची आहे.

शर्यत आपल्याला नवी नाही. शंकरपट पाहिला नाही असा इथं कोण आहे? शेतातली बंडी आणि पटाची गाडी आठवून पाहा. दोन्हीला दोन चाकं, दोन्हीला जू, दोन्ही बैलच ओढतात. पण बंडीवर कापूस लादायचा असतो, पटाच्या गाडीवर फक्त धुरकरी. म्हणून तिचं जे जे लाकूड कमी करता येईल ते कमी केलेलं असतं. घराण्याचं नाव तेच, पण देह वेगळा. शर्यतीच्या मोटारीचंही असंच आहे.

अमेरिकेत एक शर्यत फार लोकप्रिय आहे. ती चालवणाऱ्या संस्थेचं नाव नॅसकार, स्थापना 1948 ची. या गाड्यांना तिकडे 'स्टॉक कार' म्हणतात. स्टॉक म्हणजे आपल्या दुकानदाराचाच स्टॉक: विक्रीसाठी ठेवलेला माल. कल्पना अशी होती, की लोकांनी दुकानातून जी गाडी घेतली तीच शर्यतीत पळावी. 19 जून 1949 रोजी शार्लट इथं अशी पहिली शर्यत झाली. दारं उघडू नयेत म्हणून पट्ट्यांनी बांधलेली, बाकी गाडी घरचीच. ग्लेन डनअवे नावाचा चालक पहिला आला. नंतर तपासणीत दिसलं, की त्याच्या गाडीच्या मागच्या स्प्रिंगांमध्ये फेरफार करून त्या कडक केल्या आहेत. तिकडे चोरटी दारू वाहणाऱ्या गाड्यांना असं करत, म्हणजे ओझ्यानं गाडी बसत नाही आणि वळणावर झुकतही नाही. त्याला बाद केलं आणि दुसऱ्या आलेल्या जिम रोपरला विजेता ठरवलं. म्हणजे पहिल्याच दिवशी पहिल्याच विजेत्यानं नियम मोडलेला! त्यानंतरची सत्तर-पंचाहत्तर वर्षं ही नियम करणारे आणि पळवाट शोधणारे यांच्यातलीच शर्यत आहे.

तुम्हाला वाटेल, हे सगळं अमेरिकेचं. पण दुकानातली गाडी घेऊन तिची शर्यतीची गाडी करण्याचं काम आपल्या महाराष्ट्रातही झालं आहे. पुण्याजवळ चाकणला फोक्सवॅगनचा कारखाना 2009 मध्ये सुरू झाला. तिथं पोलो तयार होऊ लागली आणि 2010 मध्ये याच पोलोच्या शर्यतींची मालिका भारतात सुरू झाली, पोलो कप नावाची. पुढे 2015 पासून व्हेंटो कप आणि 2017 मध्ये अमिओ कप. अमिओ ही तर खास भारतासाठी काढलेली, चार मीटरपेक्षा आखूड गाडी. तिचं साधं पेट्रोल मॉडेल साधारण 75 हॉर्सपॉवरचं. शर्यतीच्या अमिओत 1.8 लिटरचं टर्बो इंजिन बसवलं, त्याची ताकद 205 हॉर्सपॉवर. कोइम्बतूर, चेन्नई आणि दिल्लीजवळच्या ग्रेटर नोएडाच्या ट्रॅकवर या गाड्या पळाल्या. कोल्हापूरच्या ध्रुव मोहितेसारखे आपले मराठी चालकही त्यांत होते. या मालिकांत सगळ्यांना एकसारखीच गाडी मिळायची, इंजिनाला सील असायचं. जिंकायचं ते हातापायांच्या आणि डोक्याच्या जोरावर.

आता अशी गाडी करतात कशी, ते सांगते. दुकानातल्या गाडीची शर्यतीची गाडी करायची तर पहिलं काम असतं काढण्याचं. सीटा काढा, गालिचा काढा, एसी काढा, म्युझिक सिस्टिम काढा, दारांच्या आतले खिसे आणि छताचं कापड काढा. उरतो तो फक्त पत्र्याचा सांगाडा. पहिल्यांदा तो पाहिला तेव्हा मला लग्नघर रिकामं झाल्यासारखं वाटलं. मग जिथं पत्र्याला पत्रा ठिकठिकाणी डाग देऊन जोडलेला असतो, तिथं सलग वेल्डिंग करतात, म्हणजे सांगाडा वळणावर पिळवटत नाही.

त्यानंतर सर्वांत महत्त्वाचं काम. गाडीच्या आत पोलादी नळ्यांचा पिंजरा उभा करतात. त्याला रोल केज म्हणतात. गाडी उलटली, तीन-चार कोलांट्या खाल्ल्या, तरी चालकाच्या भोवतीची जागा तशीच राहिली पाहिजे, हे त्या पिंजऱ्याचं काम. त्यात ठिकठिकाणी तिरक्या नळ्या असतात. का, ते शेतातलं मचाण बांधणाऱ्याला विचारा. चार खांब नि चार आडव्या बल्ल्या बांधल्या तर मचाण डुलतं. एक तिरपी बल्ली ठोकली की उभं राहतं. चौकोन झुकतो, त्रिकोण झुकत नाही. भूमितीच्या तासाला हे कुणी सांगितलं असतं तर मी प्रमेयं इतकी रडत पाठ केली नसती.

मग चालकाची सीट. एकच. ती खांद्यांना आणि डोक्याला दोन्ही बाजूंनी धरून ठेवते. पट्टा आपल्यासारखा एक तिरपा नि एक आडवा नाही, तर दोन खांद्यांवरून, दोन कमरेवरून आणि दोन मांड्यांमधून येऊन पोटावर एका कुलपात अडकणारा. पेट्रोलची टाकी पत्र्याची नाही, न फाटणाऱ्या जाड रबरी पिशवीची, आणि आत स्पंज भरलेला, म्हणजे अपघातात पेट्रोल एकदम सांडत नाही. बाहेरून बंद करता येईल असा वीज तोडणारा खटका. आग विझवणारी यंत्रणा. शेवटी चार चाकांखाली चार वजनकाटे ठेवून कोणत्या चाकावर किती भार येतो ते मोजतात आणि स्प्रिंगा फिरवून तो जुळवतात. आणि कुठंतरी कोपऱ्यात तळहाताएवढा डबा, सेन्सरांचे आकडे साठवणारा. मी गेले होते ते त्या डब्यासाठी.

अमेरिकेतली स्टॉक कार मात्र आता दुकानापासून पार दूर गेली आहे. 2022 मध्ये त्यांनी नवी गाडी आणली. नाव कॅम्री किंवा मस्टँग, पण दुकानातल्या कॅम्रीशी तिचं नातं फक्त चेहऱ्याचं. पुढचे दिवे म्हणजे चक्क स्टिकर. दार उघडतच नाही, चालक खिडकीतून आत शिरतो. वेग दाखवणारा काटाही नाही. इंजिन 358 घनइंचांचं, म्हणजे जवळपास 5.9 लिटरचं व्ही-8, 2022 मध्ये बहुतेक ट्रॅकवर 670 हॉर्सपॉवरचं. सांगाडा तीन भागांत: पुढचा, चालकाचा मधला आणि मागचा, एकमेकांना बोल्टनं जोडलेले. पुढचा भाग ठोकला गेला तर तेवढाच सोडून नवा लावायचा. तरीही नाव स्टॉकच. आपल्याकडं पाटलाच्या वाड्याचे चार फ्लॅट झाले तरी लोक वाडाच म्हणतात, तसं.

इथपर्यंतची गोष्ट गमतीची होती. आता मुद्द्याची.

वर्कशॉपमध्ये एक वयस्क वेल्डर होते. सगळे त्यांना काका म्हणायचे. एक दिवस मी त्यांना विचारलं, "काका, चालकाच्या भोवती एवढा पिंजरा केला, मग गाडीचं नाकपण तसंच पक्कं का नाही करत? सगळीच गाडी पोलादी का नाही?" ते हसले. म्हणाले, "मॅडम, पिंजरा वाकायला नको. बाकीची गाडी वाकली पाहिजे. गाडी वाकली नाही, तर आतला माणूस मोडतो."

मी इंजिनिअर. हे मला माहीत असायला हवं होतं. पुस्तकात वाचलंही होतं. पण कळलं त्या दिवशी.

आपण लहानपणी कापसाच्या खोलीत उड्या मारल्या आहेत. वेचणी झाली की अर्धं घर कापसानं भरायचं आणि आपण माळ्यावरून त्या ढिगात उडी घ्यायचो. मार मिळायचा तो कापूस तुडवला म्हणून, हातपाय कधी मोडला नाही. तीच उडी फरशीवर मारली असती तर? उंची तीच, वेग तोच. फरक काय? कापसात आपण थांबत थांबत थांबतो. फरशीवर एकदम थांबतो.

ताशी 60 किलोमीटरनं जाणारी गाडी भिंतीवर आदळणं म्हणजे साधारण चौथ्या मजल्यावरून खाली पडणं. गाडीचं नाक चेपत जाऊन माणसाला थांबायला 60 सेंटिमीटर मिळाले, तर त्याच्यावर त्याच्या वजनाच्या सुमारे 24 पट जोर येतो. फार आहे, पण पट्टा बांधलेला माणूस तो सोसू शकतो. तेच थांबणं 10 सेंटिमीटरमध्ये झालं, तर 140 पट. तो क्वचितच कुणी सोसतो. माझ्या आलेखावर पहिला धक्का गिरडच्या टेकडीसारखा दिसतो, बसका आणि पसरट. दुसरा सुळक्यासारखा. सर, तुम्ही शिकवलं होतं, की आलेखाखालचं क्षेत्रफळ पाहा. दोन्हींचं क्षेत्रफळ सारखंच आहे. माणूस मरतो तो सुळक्यानं.

शर्यतीच्या लोकांना हे शिकायला फार मोल द्यावं लागलं. 18 फेब्रुवारी 2001 रोजी डेटोनाच्या शर्यतीत, शेवटच्या फेरीत, डेल अर्नहार्ट यांची गाडी भिंतीवर गेली. ते सात वेळचे विजेते होते. ज्यांनी पाहिलं त्यांना अपघात फार मोठा वाटलाच नाही. गाडी उलटली नाही, पेटली नाही. पण अर्नहार्ट गेले. डोकं फेकलं गेलं आणि कवटीच्या तळाचं हाड मोडलं. त्याआधीच्या सुमारे नऊ महिन्यांत नॅसकारचे आणखी तीन चालक गेले होते. हेल्मेट खांद्यांवरच्या एका पट्टीला बांधून डोकं आवरणारं 'हान्स' नावाचं साधन तेव्हा उपलब्ध होतं. रॉबर्ट हबर्ड या प्राध्यापकांनी ते 1980 च्या दशकात आपल्या मेहुण्यासाठी, जिम डाउनिंग या शर्यतपटूसाठी, तयार केलं होतं. अनेक चालक ते वापरत नव्हते. अडचण होते म्हणत. ऑक्टोबर 2001 मध्ये डोकं आवरणारं साधन सक्तीचं झालं. पुढच्याच वर्षापासून काँक्रीटच्या भिंतीपुढं पोलादी नळ्या आणि त्यांच्यामागं फोमचे ठोकळे लावायला सुरुवात झाली. म्हणजे भिंतसुद्धा थोडी वाकायला शिकली. त्यानंतर नॅसकारच्या सर्वोच्च मालिकेच्या शर्यतीत एकही चालक अपघातात गेलेला नाही.

आणि गंमत पाहा, इतकं शिकूनही चूक पुन्हा झाली. 2022 ची नवी गाडी फारच पक्की झाली, विशेषतः मागून. गाडी मागून भिंतीला लागली की गाडीला फारसं काही होईना, पण चालकांची डोकी बधिर होऊ लागली. कर्ट बुश या नामांकित चालकाची पूर्णवेळ कारकीर्द अशा एका धडकेनं संपली. मग 2023 साठी मागचा भाग मुद्दाम मऊ केला, जेणेकरून तो चेपेल.

आता आपल्या वर्गाची गोष्ट.

आपल्या वर्गातली एक जण आज इथं नाही. तिचं नाव मी घेत नाही, तुम्हा सगळ्यांना ते ठाऊक आहे. दुसऱ्या बाकावर ती माझ्या शेजारी बसायची. लग्नानंतर तिनं मला फोन केला होता, "आम्ही गाडी घेतोय. तू इंजिनिअर आहे ना, सांग कोणती घेऊ?" मी तेव्हा नोकरीला लागून दोन-तीनच वर्षं झाली होती. मी तोऱ्यात सांगितलं, "दणकट घे. जाड पत्र्याची घे. हलक्या गाड्यांच्या नादी लागू नको." पट्ट्याबद्दल मी एक शब्द बोलले नाही. माझ्या डोक्यातच नव्हतं. मी स्वतः मागं बसले की कधी लावत नव्हते.

नागपूरहून रात्री परत येताना, जाम चौरस्त्याच्या अलीकडे, रस्त्यात उभ्या असलेल्या ट्रकवर गाडी गेली. ट्रकचे मागचे दिवे बंद होते. ती मागच्या सीटवर झोपली होती. पुढचे दोघे वाचले. मी भेटायला आले तेव्हा दारात लोक बोलत होते, "गाडी मजबूत होती म्हणून एवढ्यावर भागलं. गाडीले काही झालं नाही." मलाही ते खरं वाटलं. अनेक वर्षं वाटत राहिलं. त्या काकांनी ते वाक्य उच्चारलं त्या दिवशी मी वर्कशॉपच्या बाहेर येऊन बराच वेळ उभी राहिले.

गाडी मऊ असती आणि तिनं पट्टा लावला असता तर ती वाचलीच असती, असं मी छातीठोकपणे सांगू शकत नाही. माझ्याकडं त्या अपघाताचा आलेख नाही. पण माझा सल्ला चुकीचा होता आणि अर्धा होता, एवढं मला कळतं. तिच्या आईला मी हे दोन वर्षांपूर्वी सांगितलं. माउलीनं माझा हात हातात घेतला आणि म्हणाली, "मंग आता बाकीच्यांले सांग." म्हणून आज सांगते आहे.

2022 या एका वर्षात भारतात रस्त्यांवर 1,68,491 माणसं गेली, हा केंद्र सरकारचा आकडा आहे. त्यातली 16,715 पट्टा न लावलेली. त्यांत चालक 8,384 आणि सोबतचे प्रवासी 8,331, म्हणजे जवळपास निम्मे निम्मे. हेल्मेट न घातलेले 50,029. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये पालघर जिल्ह्यात सायरस मिस्त्री गेले, तेही मागच्या सीटवर, पट्टा न लावलेले. मागच्या सीटवरही पट्टा कायद्यानं सक्तीचा आहे, दंड एक हजार रुपये. पण आपल्याकडं मागचा पट्टा म्हणजे सीटकव्हरखाली दडपलेली वस्तू. काही जण तर पुढच्या पट्ट्याची शिट्टी वाजू नये म्हणून बाजारातून खोटी क्लिप आणून खोचतात. शिट्टी बंद होते, धडक बंद होत नाही.

आणि मैत्रिणींनो, लेकराला पुढच्या सीटवर मांडीवर घेऊन बसू नका. दहा किलोचं लेकरू त्या 24 पटीच्या धक्क्यात सुमारे 240 किलोचं होतं. कोणत्याच आईच्या हातांत तेवढं बळ नसतं, माया कितीही असो.

शर्यतीचा चालक गाडीत बसतो तेव्हा त्याला माहीत असतं, की आज आपण आदळू शकतो. म्हणून तो सहा ठिकाणी स्वतःला बांधून घेतो. आपल्याला वाटतं, आपण तर फक्त हिंगणघाटला जाऊन येतो. एवढाच काय तो फरक. रस्त्यावरच्या आपल्या गाडीतही इंजिनिअर लोकांनी नाक चेपेल आणि मधला भाग टिकेल, अशीच रचना केलेली असते. पण ती रचना असं धरून चालते, की माणूस त्याच्या जागेवर बांधलेला आहे. तो मोकळा असेल, तर गाडीनं त्याच्यासाठी राखलेले 60 सेंटिमीटर त्याच्या वाट्याला येतच नाहीत. गाडी थांबते, तो जात राहतो.

माझी पंधरा मिनिटं संपली, सर घड्याळ बघताहेत. शाळेतही असेच बघायचे.

आज रात्री जेवण झाल्यावर कोणी नागपूरला निघेल, कोणी वर्ध्याला, कोणी चंद्रपूरला. बरेच जण एकमेकांच्या गाड्यांत दाटीवाटीनं बसतील, गप्पा अर्ध्या राहिलेल्या असतील. निघायच्या आधी मागच्या सीटच्या फटीत हात घाला. बक्कल तिथंच अडकलेलं असतं, थोडं ओढावं लागतं. ते बाहेर काढा आणि लावा. मग पोहोचल्यावर ग्रुपवर कळवा.